चांदीच्या बैलाची खांदेमळणी

मला चिनी राशींची चांदीची नाणी जमवायचा नाद आहे. चिनी लोक दर वर्षाला एक जनावर देतात: उंदीर, बैल, वाघ, ससा, असं बारा वर्षांचं चक्र. परदेशातल्या टांकसाळी त्या जनावराचं नाणं पाडतात. मी अर्ध्या किलोचीच घेतो, तळहात भरला पाहिजे. बायको म्हणते, "लोक उंदराला औषध घालतात, आन् ह्यांनी कपाटात जपलाय." म्हणू दे. नाण्याला बोट लागलं की डाग पडतो, म्हणून ते प्लास्टिकच्या डबीतच ठेवायचं. पाहुण्यानं नुसता डबीला हात घातला तरी माझं डोकं फिरतं.

आमचं खेडं ईट गावाजवळ. वडिलांना आम्ही दादा म्हणतो. काचबिंदूनं त्यांची नजर गेली. ते दवाखान्यात होते तेव्हा मी बैलजोडी विकली, त्यांना न विचारता. मी शाळेत मास्तर, बैलांचं करणार कोण? दादा घरी आले ते थेट गोठ्यात गेले आणि रिकामी दावण चाचपत बसले. तेव्हापासून ते सुनेशी बोलायचे, माझ्याशी अवाक्षर न्हाय. सात महिने. लई जड गेले मला ते.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडं बैलांचे खांदे हळद-लोण्यानं मळतात. दादा ओट्यावर नुसते बसून होते. मला राहवेना. बैलाचं नाणं आणलं, डबी उघडली आणि त्यांच्या हातावर ठेवलं.

"दादा, बैल हाय. बघा तरी."

त्यांनी अंगठा फिरवला. शिंगं, तोंड, मान. मानेच्या मागं अंगठा थांबला.

"वशिंड कुठंय?"

"चीनचा हाय. तिकडच्या बैलाला नसतं."

"मग जू कुठं टेकतं रं?"

इतकी वर्षं मी ते नाणं बघतोय, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पण दादा माझ्याशी बोलले होते, माझे डोळे भरून आले. त्यांनी सुनेकडून हळद-लोण्याची वाटी मागितली आणि त्या बैलाचा खांदा मन लावून मळला. सगळं नाणं पिवळंधमक झालं. मी वाटी धरून बसलो.

"आपल्या बैलांचे मळले असतील का आज कुणी?" त्यांनी विचारलं.

बैल येरमाळ्याच्या एका शेतकऱ्यानं नेले होते. मी फोन लावला.

"आत्ताच मळतोय, मास्तर," तो म्हणाला.

दादांनी फोन घेतला, बैलांच्या कानाशी धरायला सांगितला आणि दरवर्षी म्हणायचे तसंच म्हणाले, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." त्या भल्या माणसानं खरंच फोन धरला. पलीकडून घुंगुरमाळेचा आवाज आला. त्या माणसाचे उपकार मी जन्मात विसरणार नाही, आणि वशिंडाशिवायचा बैल घडवणाऱ्या त्या परक्या कारागिराचेही.

दादांनी फोन माझ्या हातात दिला.

"त्यांला एवढ्या लांब यायचं न्हाय व्हायचं," ते म्हणाले. "उद्या गाडी काढ. पुरणपोळ्या घेऊन आपुनच जाऊ, तू आन् मी."