नाल्यापलीकडची मोकळी जागा

सरकारी कचेरीत धूळ आणि किस्से कोणी झाडत नाही, त्यामुळे दोन्ही साचतच जातात. सत्तरच्या दशकात मी नागपुरात आमच्या वॉर्डाच्या आरोग्य कचेरीत लस टोचायचं काम करत होतो. हसण्यासारखे किस्से पुष्कळ आहेत, पण मित्र जमले की माझ्या तोंडून हेच निघतात.

*

कचेरीच्या भिंतीवर इंग्रजांच्या वेळचा नकाशा होता. नळाच्या निळ्या रेघा साहेबांच्या बंगल्यांपासून निघून नाल्यापाशी थांबायच्या. पुढे लिहिलेलं होतं, मोकळी जागा.

त्या मोकळ्या जागेत शेकडो झोपड्या होत्या. आमच्या कचेरीतली दाई यमुनाबाई तिथेच राहायची. वस्तीला नळ मिळावा म्हणून तिने पाचवा अर्ज दिला, तेव्हा हेडक्लार्क बोकडेबाबूंनी नकाशा पाहिला आणि म्हणाले, "तिथं तर कोणीच राहत नाही."

"मंग मी रोज कुठून येऊन राहिली, बाबूजी?"

बाबूंनी पुन्हा नकाशाच पाहिला!

*

हे असं कसं झालं, ते मला वस्तीतल्या एका म्हाताऱ्याने सांगितलं. त्याच्या लहानपणी प्लेग आला. साहेबाने बंगल्यांत औषध पाठवलं आणि नाल्यापलीकडच्या अस्पृश्यांच्या झोपड्यांना घासलेट. सगळं जळाल्यावर नकाशा काढला.

"आठ दिवसानं आमी परत आलो गा. मंग देश सुटला, आमी बुद्धाचे झालो. नकाशा तोच हाये."

*

लशीचा कोटाही नकाशावरूनच ठरायचा. मोकळ्या जागेला शून्य. एका उन्हाळ्यात कॉलऱ्याच्या लशीच्या उरलेल्या बाटल्या घेऊन मी गेलो, तर एका आजीने हात मागे घेतला.

"आमी तुमच्या कागदात नाही. सुई कोणाले देऊन राहिला गा?"

तेव्हा मी हसलो. आता हसू येत नाही.

*

त्या उन्हाळ्यात कॉलऱ्याने वस्तीतली सात माणसं नेली. त्यात यमुनाबाईची चार वर्षांची शीला होती.

मृत्यूच्या नोंदीत घर नंबर लागायचाच. कचेरीचा रिवाज असा, की जागा नकाशात नसेल तर सर्वांत जवळच्या घराचा नंबर टाकायचा. जवळचं घर म्हणजे नाल्याअलीकडचा, नव्या लेआउटमधला पहिला बंगला. सातही नावं मी माझ्या हाताने तिथे चढवली. याची मला लाज वाटते.

*

महिन्याभरात फवारणीवाले त्या बंगल्यावर पोचले. मालकीणबाई दारात आल्या.

"तुमच्याकडे सात मयत आहेत," मुकादमाने यादी वाचली.

"आम्ही दोघंच राहतो इथे. दोघंही जिवंत आहोत."

"कागदावर सात आहेत, बाई."

फवारणी झाली. एका घरात एवढे मृत्यू पाहून वरच्यांनी घाईघाईने सार्वजनिक नळही मंजूर केला. बसवला तो बंगल्यासमोर.

*

नळ सुरू झाला त्या दुपारी यमुनाबाई घागर घेऊन गेली. मी तिथेच क्लोरीन तपासत होतो. मालकीणबाई फाटकातून लगबगीने बाहेर आल्या.

"नळाला हात लावू नको वं. सरक, मी वरून ओतते."

यमुनाबाईने घागर खाली ठेवली. आवाज चढवला नाही.

"हा नळ माह्या पोरीच्या नावानं आला, बाई. कागदावर माही शीला तुमच्याच घरात मेली."

मालकीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. पाणी तसंच वाहत होतं. त्या आपल्या घराकडे वळल्या, एकेक खिडकी पाहत राहिल्या आणि हळूच म्हणाल्या,

"कोणत्या खोलीत?"