चौथ्या पेल्याला नकार

फुमिए माकिता आमच्या व्हिस्कीच्या कारखान्यात बाटल्यांना लेबलं लावायला आली, तेव्हा मी रसायनशास्त्राची पदवी घेऊन परीक्षकांच्या खोलीत नाकाने कांदे सोलत बसलो होतो. एकदा तिने भरलेली खोकी अडवली. म्हणाली, यांना ओल्या पुठ्ठ्याचा वास येतोय. सगळे हसले. बुचं तपासली तर तिचं खरं निघालं. महिन्याभरात मुख्य परीक्षक तोनेगावासाननी तिला वर आणून माझ्या शेजारी बसवलं. तेव्हापासून माझ्या पोटात दुखतंय.

बाई साधी. दुपारी रोज त्याच उदोन शेवया, त्यात कांद्याची पातसुद्धा नाही. सुवासिक साबण तिने कधी वापरला नाही. मीही पथ्य पाळायचो, पण शनिवारी चोरून लसूण घातलेल्या ग्योझा, म्हणजे मोमोसारख्या करंज्या, खायचो. सोमवारी तिला ते कळायचं आणि ती कुणाला सांगायची नाही. याचाही मला राग यायचा.

तिचा जीव जपानी ओकच्या पिंपांवर. लाकूड गळकं, म्हणून पिंपवाले वैतागायचे. पण पंधरा-वीस वर्षांनी त्यातल्या व्हिस्कीला देवळातल्या धुपासारखा वास येतो.

गेल्या हिवाळ्यात तोनेगावासान निवृत्त व्हायला निघाले. आम्ही दोघांनी पूर्वी भरून ठेवलेल्या पिंपांतलं एकच निवडायचं, ते कशात न मिसळता बाटल्यांत भरायचं आणि ज्याचं पिंप त्याला त्यांची खुर्ची, असं त्यांनी ठरवलं. नियम जुनाच. तिघांपैकी एकानेही नकार लिहिला, की पिंप मिश्रणात जातं.

सकाळी दहाला सहा पेले मांडले. त्यांवर नुसते आकडे, व्हिस्कीत निम्मं पाणी. तिसरा मला माझा वाटला, मी होकार लिहिला. चौथा नाकाशी नेला आणि धूप दरवळला. म्हणजे हा फुमिएचा. घोट घेतला. आधी मध, मग वाळवलेलं पर्सिमॉनचं फळ, आणि गिळल्यावरही धूप जाईना. इतकं चांगलं मी जन्मात चाखलं नव्हतं. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. लिहिलं, "लाकूड फार. मिश्रणात घाला."

तोनेगावासाननी कागद उघडले. तिघांचाही होकार फक्त तिसऱ्याला होता. ते पिंप फुमिएचं होतं.

"आणि चौथं तुझं, सेरिझावा," ते म्हणाले.

अठरा वर्षांपूर्वी माझ्या एका पिंपाचं झाकण गळत होतं. हाताशी असेल ते लाकूड ठोका, असं मीच सांगितलं होतं. हाताशी जपानी ओक होता. मी साफ विसरलो होतो.

फुमिएच्या कागदावर चौथ्यापुढे लिहिलं होतं, "असं पुन्हा जमणार नाही. वेगळं भरा."

बाहेर पडल्यावर मी तिला गाठलं. "माझं आहे हे तुला कळलं होतं?"

"कळलं की. ते झाकण ठोकताना तुम्ही सगळ्यांवर ओरडत होता, मी तिथेच होते."

"मग होकार का लिहिलास? तुझी खुर्ची गेली असती."

"पेल्यात असतं तेच लिहायचं ना, सेरिझावासान?"

तिच्या नाकाचा हेवा मी सव्वीस वर्षं केला. त्या उत्तराचा त्याहून जास्त वाटला.

आमच्याकडे नकार लिहिणाऱ्यानेच पिंपाचं बूच काढायचं असतं. मंगळवारी मी ते काढलं. मिश्रणाच्या टाकीत शेवटचा थेंब पडेपर्यंत सगळी शेड धुपाच्या वासाने भरून गेली होती, आणि शेजारी फुमिए डोळे मिटून तो वास घेत उभी होती.