कापसात गेलेला गोल

अन्याय दोघांवर झाला. एक, आमच्या क्लबचा डाव्या पायानं खेळणारा फॉरवर्ड, म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ. दोन, नेर तालुक्यातल्या एका गावचा म्हातारा कास्तकार, ज्याच्या बंडीत, म्हणजे बैलगाडीत, माझ्या भावाचा गोल गेला. वेळ: संक्रांतीनंतरचा पहिला रविवार, उपांत्य सामना, दुसरा हाफ संपत आलेला, ऊन उतरून जिनिंगच्या पत्र्यावर टेकलेलं. जागा: आमच्या तालुक्याच्या गावचं मैदान. त्याच्या एका अंगाला शाळा आहे आणि दुसऱ्या अंगाला सरकारी कापूस खरेदी केंद्र. आरोपी पुष्कळ आहेत, ते येतीलच एकामागून एक.

मी पत्रकं लिहिते. कापसाच्या भावावर, खरेदी उशिरा सुरू होते त्यावर, वजनकाटा नेमका गर्दीच्या दिवशी बंद पडतो त्यावर. ज्यांनी मला हे काम शिकवलं ते म्हणायचे, कोणाचं नुकसान झालं ते पहिल्याच ओळीत सांग आणि शिव्या देऊ नको. पहिली गोष्ट मी पाळते.

पण पत्रकांच्या कितीतरी आधीपासून मी या क्लबची आहे. शाळेच्या मधल्या सुट्टीत कुंपणाच्या तारेला लटकून प्रॅक्टिस पाहायची तेव्हापासून. आमचा क्लब जिंकतो म्हणून नव्हे. तो बहुतेक वेळा हरतो, आणि हरल्यावर मैदानाला दोष देतो, आणि मैदान आपलंच आहे हे विसरतो. जर्सी पिवळी होती, धुऊन धुऊन ती आता कढीसारखी झाली आहे. इतकी वर्षं पाहून माझी काही ठाम मतं बनली आहेत. गोलकीपरनं सामन्यात तंबाखूचा खर्रा खाऊ नये. तोंड भरलेलं असलं की त्याला ‘माझा बॉल’ असं ओरडता येत नाही, मग दोन्ही डिफेंडर एकमेकांवर आदळतात आणि बॉल निवांत आत जातो. दुसरं, यवतमाळच्या दुकानातून विलायती क्लबचे टी-शर्ट घेणाऱ्या आमच्या कॉलेजकुमारांना त्या क्लबच्या राखीव खेळाडूंची नावं पाठ आहेत, आणि आमचा राइट बॅक त्यांच्याच गल्लीत सायकलचे पंक्चर काढतो हे ठाऊक नाही. तिसरं मत क्रिकेटबद्दल आहे. ते छापण्यासारखं नाही.

आता जाळीबद्दल. आमच्या गोलपोस्टला कधीकाळी जाळी होती. ती फाटली, मग तिचे तुकडे झाले, आणि ते तुकडे गावात कोणाकोणाच्या कोंबड्या झाकायला गेले. जाळी नसली की गोल झालेला बॉल सरळ मागच्या बाभळीत जातो आणि काट्यांनी फुटतो. मग कोणीतरी डोकं लढवलं. ही कापसाची वाईट वर्षं. केंद्र सुरू व्हायचं उशिरा, मोजायचं हळू, आणि कापूस भरलेल्या बंड्यांची रांग केंद्राच्या फाटकातून सडकेवर आणि सडकेवरून आमच्या मैदानात यायची. आलेली बंडी मुक्कामालाच असायची. तेव्हा क्लबवाल्यांनी कास्तकारांना विनंती केली की, बापा, उभंच राहायचं तर गोलपोस्टच्या मागं उभे राहा. बैल सोडायचे, बंडीचं मागचं तोंड पोस्टकडे करायचं, की झाली जाळी. बॉल धप्पकन कापसात बसतो आणि कुठं जात नाही. ज्याची बंडी त्याला मॅच पाहायला सगळ्यांत झकास जागा. बाकीच्या बंड्या कडेनं लागायच्या आणि त्यांच्यावर पब्लिक बसायचं. जिल्ह्यात एवढी मऊ गॅलरी कुठल्या क्लबला नव्हती. बाहेरची टीम आली की आमचे लोक मुद्दाम बंडीवर आडवे पडून सामना पाहायचे, त्यांना जळवायला.

नियम एकच होता. जाळीच्या बंडीचे बैल सोडलेले पाहिजेत.

त्या रविवारी सामना नेरच्या टीमशी होता. जिंकणारा फायनलला यवतमाळला जाणार होता. पूर्वेकडच्या पोस्टमागं ज्या म्हाताऱ्याची बंडी लागली तो नेरकडचाच होता. त्याला आमचं केंद्र जवळ पडत होतं म्हणून आलेला. मी शेजारच्या बंडीवर होते. बसल्या बसल्या त्यानं विचारलं, “तू कोनाकडून वं पोरी?”

“पिवळ्यांकडून, काकाजी.”

“हे पिवळे आहेत? मले वाटलं धुवाचे राह्यले.”

तो नेरवाल्यांचा पक्का माणूस होता आणि ते लपवतही नव्हता. त्याची आणखी एक गोष्ट लगेच दिसायची. त्याचा कापूस. असा स्वच्छ वेचा मी आमच्या भागात पाहिला नव्हता. पानाचा चुरा नाही, किडकी कवडी नाही. कोणी चढायला लागलं की तो म्हणायचा, “चप्पल काढ. देवाच्या घरात जाऊन राह्यला काय चपला घालून?”

सामना एक-एकवर होता. दुसऱ्या हाफच्या मध्याला बातमी आली की काटा सुरू झाला, आज नंबर पुढं सरकतील. झालं. सगळ्या कास्तकारांनी हळूच बैल जुंपून ठेवले. म्हाताऱ्यानंही जुंपले. आमच्या क्लबच्या माणसांनी ते पाहिलं. सामना रंगात आला होता, त्यामुळं कोणी काही बोललं नाही.

मग माझ्या भावानं तो बॉल घेतला. मी त्याची बहीण आहे म्हणून सांगत नाही, पण सांगते. डावीकडून आत येत त्यानं एकाला चकवलं, दुसरा आपोआप पडला, आणि बॉल कीपरच्या डाव्या हाताखालून आत गेला. दोन्ही खांबांच्या मधून. जमिनीपासून कमरेभर वर. म्हाताऱ्याच्या कापसात शिरला आणि दिसेनासा झाला. मी ओरडायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात फाटकाकडून हाक आली: “नंबर लागला! चला!”

ज्यांना कधी रांगेत उभं राहावं लागलं नाही त्यांच्यासाठी सांगते. नंबर लागल्यावर बंडी हालली नाही, तर मागचा पुढं घुसतो आणि तुम्ही परत दिवस दिवस सडकेवर. त्यामुळं गोलाचा आनंद साजरा करायला जमलेलं अख्खं पब्लिक त्याच क्षणी उठलं आणि आपापली बंडी हाकायला पुढं जाऊन बसलं. स्टेडियमच चालू लागलं. त्या बाजूचा लाइनमन पण कास्तकारच होता. तो झेंड्यासकट गेला. त्याच झेंड्यानं तो बैल हाकताना मी पाहिला. म्हाताऱ्यानं कासरा ओढला आणि आमचा गोल धुळीत निघून गेला.

पंच शाळेत पीटी शिकवणारे, यवतमाळहून आलेले. गोल झाला तेव्हा ते पाठमोरे होऊन दोन खेळाडूंचं भांडण सोडवत होते. वळून आले तर समोर बॉल नाही, बंडी नाही, लाइनमन नाही, पब्लिक नाही. नेरचा कीपर कमरेवर हात ठेवून उभा, चेहरा असा की शाळेतला आदर्श विद्यार्थी.

“कुठं गेला बॉल?” पंचांनी विचारलं.

“बाहेर गेला ना सर. बाभळीत,” कीपर म्हणाला.

“खोटारड्या, कापसात गेला!” माझा भाऊ.

“कोणत्या कापसात?”

फाटकाकडं पाहिलं तर पांढऱ्या ढिगांची जत्रा. सगळ्या बंड्या सारख्या. “बॉल दाखवा, गोल देतो,” पंच म्हणाले. माझा भाऊ धावला. एका बंडीवर चढून त्यानं कोपरापर्यंत हात खुपसला, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. तिसऱ्या बंडीवाल्यानं त्याला बैल हाकायच्या तुतारीनं टोचलं आणि वर विचारलं, “अबे, माह्या कापसात काय तुह्या बापानं सोनं ठेवलं काय?” तो पायातला काटा काढत परत आला तर पंचांनी पिवळं कार्ड दाखवलं. परवानगी न घेता मैदान सोडल्याबद्दल. पुढं दुसऱ्या बॉलवर पेनल्टी झाल्या. आपण हरलो. त्यावर मला काही बोलायचं नाही.

तिकडं केंद्रात म्हाताऱ्याची बंडी रिकामी करायला उलटली, कापूस घसरला, आणि त्याच्यातून टुणटुण उड्या मारत एक फुटबॉल ग्रेडरच्या पायाशी आला. ग्रेडर म्हणजे कापूस चांगला की वाईट हे ठरवणारा साहेब. लोक वजन वाढवायला दगड टाकतात हे त्याला माहीत होतं. फुटबॉल त्यानं पहिल्यांदाच पाहिला. म्हातारा सांगत राहिला, हा गोल आहे. साहेब म्हणाला, हा कचरा आहे. आणि सगळा माल खालच्या ग्रेडला टाकला. देवाच्या घरासारखा कापूस, आणि फाटकावर सगळ्यांच्या देखत साहेबानं तो कचऱ्याचा म्हणून पुकारला.

संध्याकाळी म्हातारा बॉल काखेत मारून मैदानावर आला तेव्हा पंच बसमध्ये बसून गेले होते. “कोन आहे येथं मोठा?” त्यानं विचारलं. आम्ही त्याला सेक्रेटरीसाहेबांकडं नेलं. साहेब कचेरीतून निवृत्त झालेले, इस्त्रीचे, आणि क्लबचं सगळं त्यांच्याच खिशात. त्यांनी स्पर्धा समितीकडं तक्रार टाकली. सुनावणी शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात ठरली. आम्हाला वाटलं, जिंकलो.

सुनावणीच्या आधी वर्गाबाहेर साहेबांनी आम्हाला बाजूला घेतलं. “गोल झाला असं सांगा. पण बॉल आपला आणि बंडी आपण लावायला सांगितली, हे नको. उद्या केंद्रवाले म्हणतील कापूस तुम्ही खराब केला. समिती विचारेल जाळी कुठं आहे. मैदानाची परवानगी जाईल.”

“मग बॉल कोणाचा सांगायचा?” मी विचारलं.

“बॉलबद्दल बोलूच नये.”

आत म्हातारा बॉल दुपट्ट्यात बांधून आला होता. त्यानं गाठ सोडली, बॉल टेबलावर ठेवला आणि समितीसमोर म्हणाला, “गोल झाला. सांगाले मले लाज वाटते, काहून का टीम माही हरते. पन दोन्ही खांबांच्या मधातून माह्या बंडीत आला, मी डोयानं पायला. आता माहं एक काम करा. यायनं सांगाव का बॉल यायचा आहे. तेवढंच मले त्या ग्रेडरले सांगाचं आहे.”

समितीनं साहेबांकडं पाहिलं. साहेब खाकरले. “गोल झाला हे खरं आहे. बॉलचं म्हणाल तर... असे बॉल बाजारात पुष्कळ मिळतात.”

“गोल तुमचा अन् बॉल कोनाचाच नाही?” म्हातारा म्हणाला. “मंग गोल केला कायनं, कांद्यानं?”

माझा भाऊ उठला. “बॉल आमचा आहे. बंडी आमीच लावाले सांगतली.”

“तू बस,” साहेब म्हणाले. “क्लबच्या वतीनं मी बोलतो.”

मी पण उठले. समितीतले एक जण हसून म्हणाले, “ताई, तुमचं तर रोजच पत्रक असतं.” आणि वर मी पडले खेळाडूची बहीण. दोघं भाऊबहीण खाली बसलो. वर्गाच्या खिडकीबाहेर त्या रविवारी बंड्यांवर लोळलेली आमचीच माणसं उभी होती. मी एकेकाकडं पाहिलं. कोणाला अचानक बस गाठायची होती, कोणाच्या घरी पाहुणे आल्याचं निघालं. समितीनं ठरवलं की ज्या क्लबला आपला बॉल ओळखता येत नाही त्याला गोल देता येत नाही. हा निर्णय मला आजही आवडतो. चीड येते, पण आवडतो.

म्हाताऱ्यानं बॉल परत दुपट्ट्यात बांधला. “तुमचा नाही ना? मंग माहा.” आणि घेऊन गेला.

नेरची टीम फायनल हरली. हे मी केवळ माहितीसाठी नोंदवते आहे, त्यात मला कसलाही आनंद झाला नाही, आम्ही फक्त थोडे पेढे वाटले.

माझ्या भावानं क्लब सोडला. आता तो सुट्टीच्या दिवशी सायकलनं म्हाताऱ्याच्या गावी जातो आणि तिथल्या पोरांना त्याच बॉलनं शिकवतो. म्हातारा बांधावर बसून त्याला ओरडतो, “उजव्यानं मार ना बे, उजवा पाय काय भाड्यानं आनला?” मी एकदा सोबत गेलते. परत निघताना तो म्हणाला, “पुढच्या साली सोयाबीन टाकतो. घरचे पोरं आयकत नाहीत. यंदा कापूस शेवटचा.” मग बराच वेळ बैलाची मान खाजवत राहिला. “ग्रेडर तोच आहे ना वं अजून?”

तोच आहे. मी चौकशी केली.

रांग कोणी लावली, खरेदी उशिरा कोणी सुरू केली, काटा वेळेवर चालला असता तर त्या बंड्या आमच्या मैदानात कशाला आल्या असत्या, यावर माझी वेगळी पत्रकं आहेत, ती वाचा. आमच्या क्लबनं एका परक्या माणसाकडून खरं बोलण्याची अपेक्षा केली आणि स्वतः अर्धंच बोलला, याला मी केंद्राइतकाच गुन्हा मानते. पिवळी जर्सी मी अजून सोडलेली नाही. हरणारा क्लब मी सांभाळून घेते. घाबरणारा नाही घेणार.

तेव्हा तुम्ही, जे त्या रविवारी चपला काढून बंड्यांवर बसला होता आणि नंबर लागताच उठून गेलात. जाण्याबद्दल माझी काही तक्रार नाही, तुम्हाला जावंच लागत होतं. खिडकीबाहेरून निघून गेलात त्याबद्दल आहे. यंदा त्या म्हाताऱ्याची बंडी केंद्राच्या फाटकाशी लागेल त्या दिवशी या, ग्रेडरसमोर उभे राहा आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणा: गोल झाला होता, आणि बॉल आमचा होता. दोन्ही म्हणा. एकच म्हणायचं असेल तर येऊ नका.