तेविसावं पॅराशूट

कॉफी थंड झाल्याशिवाय ती पीत नसे. बोलता बोलता समोरच्या कागदी रुमालाची घडी घालायची, उलगडायची, पुन्हा घालायची. गाडीला कधी कुलूप लावलं नाही, पण शिलाई मशीनवर कापड झाकल्याशिवाय घराबाहेर पडली नाही. माणसांची नावं विसरायची. "तो पिवळ्या विमानवाला" म्हणायची आणि त्याच्या पॅराशूटचा क्रमांक मात्र बिनचूक सांगायची. कुणी तिच्या टेबलाला टेकून उभं राहिलं, की एक शब्द न बोलता त्याचं कोपर उचलून बाजूला करायची. विमानात बसायचा तिला कंटाळा होता.

ही व्हर्ना स्टिडहॅम. वय सत्तावन्न. अंतराळात जाणार होती.

दोन महिने झाले. "जाणार होती" असं लिहिताना हात अजून थांबतो.

सॉल्टब्रश म्हणजे वाळवंटातली एक धावपट्टी, तिच्या कडेने हँगर आणि एक खानावळ. इथले लोक विमानं बांधतात, उडवतात, कधी कधी आपटतात. व्हर्नाची आई पडदे शिवायची. व्हर्ना एकोणिसाव्या वर्षी पॅराशूटच्या घड्या घालायला लागली. वैमानिक पाठीला बांधतात ती पॅराशूटं दर सहा महिन्यांनी उघडायची, वारा द्यायचा, टाके तपासायचे, पुन्हा घडी घालायची, लाल दोऱ्यावर शिशाचा शिक्का मारायचा आणि कार्डावर सही करायची. अडतीस वर्षं तिने हेच केलं.

मी साहित्याची पदवी घेऊन परत आले आणि तिच्या शेजारच्या खोलीत राहायला लागले. एका धनिकाने चार जणांचं अंतराळ उड्डाण विकत घेतलं होतं. त्यातली एक जागा हातांनी काम करणाऱ्या माणसासाठी ठेवली होती. अर्ज मी भरला, खानावळीत बसून, गंमत म्हणून. अंतराळात का जायचंय, असा प्रश्न होता.

"लिही," ती म्हणाली, "अडतीस वर्षं लोकांच्या खाली यायची सोय करतेय. वर काय असतं ते एकदा बघू दे."

तिची निवड झाली. खानावळीचा ओडेल महिनाभर सगळ्यांना सांगत होता, की हिला खिडकीजवळ बसवू नका, पडद्याचं माप घेत बसेल.

आठ महिने प्रशिक्षण चाललं. गरगर फिरवणाऱ्या यंत्रातून बाकीचे ओकत उतरले. ही उतरली आणि खुर्चीच्या पट्ट्याचा एक टाका सैल आहे म्हणाली. मधल्या सुट्ट्यांत घरी यायची आणि साठलेली पॅराशूटं उरकायची. त्या आठ महिन्यांत तिने तेवीस पॅराशूटं बांधली.

उड्डाणाच्या चौदा दिवस आधी चौघांना फ्लोरिडात विलगीकरणात ठेवलं. बाहेर पाऊल टाकलं की जागा गेली, असा नियम होता. तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला.

"माझ्या टेबलावरची डबी उघड. पिना मोज."

मी मोजल्या. आठ होत्या.

"एकीला निळा दोरा बांधलाय?"

बांधलेला होता. "मग नऊ हव्या होत्या," ती म्हणाली.

घडी घालताना पॅराशूटच्या पिशवीच्या पाकळ्या, म्हणजे वरून मिटायच्या झडपा, तात्पुरत्या पिनांनी धरून ठेवतात. शेवटी सगळ्या पिना काढायच्या आणि मोजायच्या. आत एक जरी राहिली, तर दोरी कितीही ओढा, पॅराशूट उघडत नाही. व्हर्नाच्या डबीत कायम आठ पिना असत. प्रशिक्षणाला जाताना त्यातली एक तिने निळा दोरा बांधून खिशात ठेवली, हाताला चाळा म्हणून. तिच्या जागी डबीत नवी टाकली. पुढे कधीतरी घरी काम करताना तिच्या हाताने खिशातली पिन सवयीने डबीत टाकली. डबीत नऊ झाल्या आणि तिला कळलं नाही. मग एक कुठल्यातरी पॅराशूटमध्ये राहिली. बाहेर उरल्या आठ. मोजणी बरोबर आली. सही झाली.

तेवीस जणांना आधी मी फोन केले, मग तिने. कुणाला खरं वाटेना. वर जाणाऱ्या माणसाची निघण्याआधी फिरकी घ्यायची, ही आमच्याकडची जुनी खोड. इथे तर उलट तीच सगळ्यांची फिरकी घेतेय, असं त्यांना वाटलं. एकाने सांगितलं, की व्हर्ना चुकते त्या दिवशी मी उडणं सोडून कोंबड्या पाळीन. दुसरा म्हणाला, तू वर जाऊन ये, मग आरामात उघडू. शेजारच्या गावचा एक कारागीर सगळी पॅराशूटं उघडायला तयार होता. पण तिचा शिक्का परक्या माणसाला तोडू द्यायला कुणी राजी नव्हतं. फक्त अॅन्सेल इबारा नीट बोलला. हवेत कसरती करणारा वैमानिक. माझ्याकडे दुसरं पॅराशूट आहे, तेच वापरतो, तू निर्धास्त जा, असं त्याने सांगितलं.

मी तिला म्हटलं, "तू सांगितलंयस ना सगळ्यांना? आता तिथेच थांब."

"ही माणसं उडाल्याशिवाय राहतील?"

ती पुढे म्हणाली,

"मी वर असताना यातला एक जण उडी मारेल. मग मी त्या खिडकीतून काय बघू?"

दुसऱ्या दिवशी दुपारी ती सॉल्टब्रशला पोचली. खांद्यावर एकच पिशवी. तिला बघितल्यावर लोकांना खरं वाटलं. ओडेलने खानावळीतला टीव्ही बंद केला. लोक पॅराशूटं घेऊन आले, दाराबाहेर रांगेत ठेवून गेले. कोंबड्यांवाला तर मान खाली घालून उभा होता.

नऊ दिवसांत तिने बावीस पॅराशूटं उघडली, तपासली, पुन्हा बांधली. पिन कुठेच नव्हती.

राहिलं इबाराचं. तो आठवडाभर अॅरिझोनात कसरतींना गेला होता. तिने बांधलेलं पॅराशूट घरीच ठेवलं असेल म्हणून आम्ही त्याच्या हँगरमध्ये गेलो. खुंटीला एक पॅराशूट होतं. व्हर्नाने कार्ड बघितलं. ते दुसरं होतं. तिचं तो पाठीला बांधून गेला होता.

त्याचा फोन लागेना. पहाटे निघालो. गाडी मी चालवत होते. तोच उड्डाणाचा दिवस होता. मी रेडिओ लावला नाही. तिनेही लाव म्हटलं नाही. पाच तासांत ती एकदाच बोलली, पुढच्या वळणाला डावीकडे घे म्हणून.

पोचलो तेव्हा इबारा विमानात बसत होता. तिला पाहून त्याने आधी आकाशाकडे बघितलं.

"व्हर्ना? अगं, तू तर वर हवी होतीस."

"उतर."

"दुसरं पाठीला टोचतं गं. आल्यावर उघड की. दहा मिनिटांत येतो."

ती विमानाच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. पंख्यापासून चार पावलांवर. तो उतरला.

तिने पंखावरच पॅराशूट ठेवलं. शिक्का तोडला. पहिली पाकळी, दुसरी पाकळी. तिसऱ्या पाकळीखाली पिन होती.

त्या आठवड्यात तो त्या पॅराशूटनिशी अकरा वेळा उडाला होता. तो तिथेच धावपट्टीवर बसला. जरा लांब काही लोक मोबाइलवर उड्डाण बघत होते, त्यांनी टाळ्या वाजवल्या. व्हर्नाने मान वर केली नाही.

तिच्या जागी राखीव माणूस गेला. चौघेही सुखरूप परतले. कंपनीवाले तिच्याशी चांगले वागले. पुढच्या वेळी तुमचा विचार करू, असं त्यांनी कळवलं. तिने ते पत्र वाचून मला दिलं.

आमच्याकडे रीत आहे. पॅराशूटने जीव वाचला, की ते बांधणाऱ्याला व्हिस्कीची बाटली द्यायची. व्हर्ना दारू पीत नाही, तरी तिच्याकडे अकरा बाटल्या आहेत. गेल्या महिन्यात इबारा बाटली घेऊन आला आणि उंबऱ्याशी थांबला. ही बाटली कशाबद्दल, ते त्यालाही सांगता येईना.

"घरी ने," ती म्हणाली. "मी तुला मारलंच होतं."

"पण आलीस ना."

ती आत गेली. तो बाटली घेऊन परत गेला.

हल्ली ती मशीनवर बसते, पट्टे शिवते. लोकांना शेजारच्या गावच्या कारागिराकडे पाठवते. इबाराचं पॅराशूट मार्चपासून तिच्या लांब टेबलावर तसंच पसरलेलं आहे. दोऱ्या सरळ करून ठेवल्यात, कापडाच्या अर्ध्या चुण्या पाडून झाल्यात. त्यापुढे तिने हात लावलेला नाही.