शरीफ साहेबांचा कुर्ता

जळकोटला जायचं ठरलं ते माझ्याच ब्लॉगमुळे. गेल्या वर्षी मोठ्या ऐटीत मी ‘शेरीफ’ या पदावर लेख टाकला होता. मुंबईत तो नगरपाल, पाहुण्यांचं स्वागत करणारा. इंग्लंडमध्येही मिरवण्यापुरताच. स्कॉटलंडमध्ये न्यायाधीश. अमेरिकेत मात्र लोकांनी निवडून दिलेला, कमरेला पिस्तूल लावणारा; तुरुंगही बहुधा त्याच्याच हाताखाली.

तो वाचून माझी कॉलेजची मैत्रीण हसीना हिचा फोन आला. तिचा भाऊ सलीम अमेरिकेत मारामारीच्या प्रकरणात अडकला होता. वकिलाच्या पत्रात ‘शेरीफच्या ताब्यात’ असं होतं आणि तिच्या अब्बांनी ऐकलं ‘शरीफच्या’. कुणा भल्या माणसानं पोराला घरी ठेवून घेतलंय, असं ते गावभर सांगत होते. “माझ्या तोंडातून निघत न्हाय. तूच येऊन सांग,” हसीना म्हणाली.

सोलापूरहून सकाळची एसटी पकडली. बायकांना अर्धं तिकीट आहे, रस्ता चौपदरी आहे, सव्वा तासात पोचता येतं. अणदूरला गाडी थांबली तेव्हा गरम भजी घेतली. तुम्ही गेलात तर जरूर खा. मी ती तशीच पुडीत बांधून ठेवली. नळदुर्ग गेलं तरी पहिलं वाक्य सुचत नव्हतं.

अब्बा शिंपी. रस्त्यालगतच्या दुकानात मशीनवर बसले होते. हसीना घरात जायच्या मागच्या दारात उभी होती. मला पाहून खूश झाले, चहा मागवला आणि पांढराशुभ्र कुर्ता उलगडून दाखवला. शरीफ साहेबांसाठी. अमेरिकेतला माणूस म्हणून छाती शेहेचाळीस धरली होती. बटणांची काजं हातानं केली होती.

मी सांगितलं. शरीफ नव्हे, शेरीफ; ते नाव नाही, पद आहे, मुंबईतही असतं. सलीम कुणाच्या घरी नाही, तुरुंगात आहे. अब्बांनी मशीनचं चाक हातानं धरून ठेवलं. मग विचारलं, “मंबईत बी शेरीफ असतो म्हनं. त्यो ह्याला दोन ओळी लिवंल का?”

“नाही अब्बा. नुसता शब्द एक आहे.”

“मंजी ह्यो शरीफ न्हाय,” ते म्हणाले आणि कुर्त्याची घडी घालू लागले. घडी नीट बसेना. हसीना आत निघून गेली. इतकं निरुपयोगी मला कधीच वाटलं नव्हतं. चार देशांची माहिती होती माझ्याकडे, आणि त्यातली एकही या माणसाच्या कामाची नव्हती.

परतीची एसटी रिकामी होती. घरी आल्यावर तो लेख काढून टाकला. त्यानं काय होणार होतं, कुणास ठाऊक.

काल हसीनाचा फोन आला. सलीमची तारीख पुन्हा पुढं गेलीय. अब्बांनी कुर्ता सगळा उसवलाय. सलीमच्या अंगाचा करायचाय, पण कापडाला कात्री लावत नाहीत.

“तुलाच इचार म्हनले,” हसीना म्हणाली. “तिथं पोरगं किती वाळलं असंल, माप काय धरू?”