शेऱ्याच्या रकान्यातली बाई

नव्या लागलेल्या ऑपरेटर पोरींना मी पहिल्याच दिवशी सांगते. मूळ फाइलला हात लावायचा नाही, आधी कॉपी करायची. क्रम लावताना सगळा तक्ता निवडायचा; नुसता नावांचा रकाना निवडला तर नावं हलतात, वयं जागेवरच राहतात आणि सासू सुनेपेक्षा लहान होऊन बसते. नावावरून माणूस जुळवायचा नाही, प्रत्येकाला वेगळा क्रमांक द्यायचा. आणि महत्त्वाचं काही शेऱ्याच्या रकान्यात लिहायचं नाही, कारण शेरा कोणी वाचत नाही. पोरी माना डोलावतात आणि दुपारपर्यंत मूळ फाइलच उघडून बसतात. पालथ्या घड्यावर पाणी.

सगळ्या खात्यांच्या याद्या एकत्र करायची ती वर्षं होती आणि मी बुऱ्हाणपूरच्या एका कचेरीत ठेक्यावर होते. रेशनची यादी एक्सेलमध्ये, मृत्यूच्या नोंदी दुसऱ्या खात्याकडे, ॲक्सेस नावाच्या वेगळ्याच प्रोग्रॅममध्ये. हुकूम आला, जोडा. मी साहेबांना म्हटलं, दोन्हीकडे समान क्रमांकच नाही, गावोगाव पडताळावं लागेल. साहेब म्हणाले, "नाव, नवरा, गाव, तीनों मिल गए तो आदमी एक. इतना मत सोचो." मग जुळवलं. ज्यांची नावं मृत्यूच्या यादीत सापडली, त्यांच्यापुढे रेशनच्या यादीत आपोआप 'मृत' पडलं. त्यांतले बरेचसे खरोखरच मेलेले होते.

मग एक दिवस निंबोल्याची एक बाई माझ्या टेबलाशी येऊन बसली. "मॅडम, रेशनवाला म्हणतो मी मरेल आहे."

मला वाटलं, गावातली दुसरी कोणी त्याच नावाची असेल. तसं नव्हतं. तिच्या नवऱ्याची पहिली बायको बाळंतपणात शहरातल्या दवाखान्यात वारली. दवाखान्याने मृत्यूची नोंद केली, रेशनकार्डावरचं नाव मात्र तसंच राहिलं. घरात तान्हं पोर. वर्षाच्या आत देडतलाईकडची ही मुलगी करून आणली. लग्नात सुनेचं नाव बदलतातच, सासूने पहिलीचंच ठेवलं. सासूच्या जिभेला वळण होतं आणि कार्डावर नावही होतं. कचेरीला कोण चकरा मारणार? पुढची सगळी कार्डं त्या कार्डावरून निघाली. आता सरकारच्या लेखी बाई एकच होती, आणि ती मेलेली होती.

मी सोपा रस्ता सांगितला. अर्ज द्या की ती जुनी नोंद चुकीची आहे, कोणी मेलं नव्हतं.

बाईने मान हलवली. "तिचं नाव घेतलं, तिचे भांडे घेतले, तिचं पोरगं वाढवलं. ती मेली हे खोटं आहे असं कायले लिहू मी? पोरगं काय म्हणेल?"

मला तिचा राग आला. मग लाज वाटली.

दुसरा रस्ता म्हणजे माहेरच्या नावाने नवीन नोंद. ते नाव तिने इतक्या हळू सांगितलं की मला पुन्हा विचारावं लागलं. त्या नावाचा एकही कागद जगात नव्हता. शाळा पाहिलेली नाही, आईबाप गेलेले, भाऊ म्हणाले आमच्याकडे काही नाही. कागद जोडल्याशिवाय पोर्टल पुढे सरकत नव्हतं. साहेबांनी हात वर केले. शेवटी मी तिच्या ओळीत शेरा लिहिला: बाई जिवंत आहे, समोर बसून सांगते. तिला वाचून दाखवला तेव्हा ती हसली, "आता झालं ना मग?" मी हो म्हटलं.

यादी वर चढवली तेव्हा नव्या नमुन्यात शेऱ्याचा रकानाच नव्हता. सबंध रकाना गळाला. बाई अधूनमधून येत राहिली, मी संगणक उघडून दाखवत राहिले, 'मृत' तसंच होतं. रेशन बंदच राहिलं. पोराच्या वाट्यातलं खाते, म्हणायची. पुढे यायची थांबली. तिथे माझा ठेका मात्र दरवर्षी वाढत गेला.

काही वर्षांनी एक तरुण आला, केळीच्या चिकाचे डाग पडलेला शर्ट घालून. तोवर मृत्यूचे दाखलेही आमच्याच कचेरीतून निघू लागले होते. आई गेली म्हणाला, शेताच्या कागदावरून नाव उतरवायचंय, मृत्यूचा दाखला पाहिजे. नाव सांगितलं, बापाचं सांगितलं, गाव सांगितलं. मी नवी नोंद भरायला घेतली. पोर्टलने ती घेतलीच नाही. या नावाची नोंद आधीच आहे.

मी त्याला सगळं समजावून सांगितलं. खेटे घालावे लागतील, पंचनामा होईल, वर पाठवावं लागेल, होईलच याची मला खात्री नाही. तो ऐकत होता. मग पडद्यावरची जुनी तारीख त्याने वाचली. ती त्याच्या जन्माच्या दुसऱ्या दिवसाची होती.

"नाव तर बरोबर आहे ना मॅडम," तो म्हणाला. "मग तोच दाखला छापून द्या."

मी छापून दिला. त्याने दोन प्रती मागितल्या.