डावीकडचा दिवा

आमच्या गाडीला मागे एकच लाल दिवा होता, तोही उजव्या अंगाला. गाडी स्वातंत्र्याच्या आधीची, विलायती. त्या काळात कंपनी मागचा एकच दिवा देई. दुसरा हवा असेल तर वेगळा मागवून घ्यायचा. आमच्या गाडीच्या पहिल्या मालकाने तो घेतला नाही आणि बाबांनी तेच ब्रह्मवाक्य मानलं. कारखान्यातून निघाली तशीच गाडी राहिली पाहिजे! हिवाळ्यात जुन्या गाड्यांची रॅली निघते, तिथले परीक्षक जादाचा स्क्रू दिसला तरी गुण कापतात, असं त्यांचं म्हणणं. हौसेला मोल नाही हे खरं, पण माणसाला अक्कल तरी असावी की नाही?

कारण रायसेन रोडवर अंधार पडला की मागच्या ट्रकवाल्याला तो एकुलता दिवा मोटारसायकलचा वाटायचा. मग तो बिनधास्त डावीकडून घुसायचा. आणि डावीकडे आई बसलेली असायची. "अहो, इकडे मी बसते," ती म्हणायची. "अगं, मी आहे ना," बाबा म्हणायचे. की संपला विषय. आनंद नगरचं घर येईपर्यंत आई अंग चोरून बसायची. बाबा विजेच्या यंत्रांच्या कारखान्यात इंजिनिअर, तिथे इतरांना सुरक्षिततेवर भाषणं द्यायचे. वा रे वा!

गेल्या काही वर्षांत बाबांना विसर पडू लागला. आधी रस्ते चुकायचे, मग मीच चुकले त्यांना. पोटच्या पोरीला ते 'मॅडम' म्हणू लागले. गाडीची किल्ली आम्ही काढून घेतली. पण रोज संध्याकाळी ते फडकं घेऊन गाडीपाशी जायचे, मागून वळसा घालायचे, त्या दिव्यावर हात ठेवायचे आणि म्हणायचे, "आपलीच आहे." मग आईकडे वळून, "अगं, चहा टाक." घर, बायको, सगळं त्यांना तिथून सापडायचं.

डॉक्टर म्हणाले, फिरवून आणत जा त्यांना. मी कोटऱ्याच्या माझ्या घरून रविवारी येऊन गाडी चालवायची असं ठरलं. तेव्हा आई म्हणाली, "आता तरी दुसरा दिवा लावून घेऊ या का गं? त्यांना काय कळणार आहे आता?" इतकी लाजत बोलली की मला गलबलून आलं. मेकॅनिकने जुन्या बाजारातून तस्सा दिवा हुडकून आणला आणि पत्र्याला भोकं पाडून बसवला. आईने त्याला हळदकुंकू वाहिलं. नवी साडी बघावी तशी ती पुन्हा पुन्हा मागे जाऊन पेटलेला दिवा बघत होती.

संध्याकाळी बाबा फडकं घेऊन बाहेर आले. गाडीच्या मागे गेले आणि थबकले. "ही कोणाची गाडी लावलीय इथे?"

आधी आम्ही हसण्यावारी नेलं. मग परोपरीने समजावलं. शेवटी दुसऱ्या दिवशी दिवा काढून टाकला, पण पत्र्याला भोकं राहिली ना! बाबांनी त्यांवर बोट फिरवलं आणि अगदी सौजन्याने मला म्हणाले, "मॅडम, आमच्या गाडीला भोकं नव्हती." पुढे ती बुजवली, रंगही दिला, पण तोवर त्यांनी गाडीपाशी जाणं सोडलं होतं. आईला 'अगं' म्हणणंही त्याच आठवड्यात थांबलं.

डॉक्टर म्हणतात, हे होणारच होतं, दिव्याचा काही संबंध नाही. मीही आईला तेच सांगते. पण ऐकेल तर शपथ! "माझंच मेलं अडलं होतं," म्हणते, "इतकी वर्षं निघाली, आणखी थोडी निघाली नसती?" म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. मला बाबांचा भयंकर राग येतो. आजारी माणसावर रागावू नये, कळतं मला. तरी येतो. आणि मग स्वयंपाकघरात जाऊन मी रडते.

परवाच्या रविवारी गेले, तर बाबा पायरीवर बसले होते. आई वरणभाताचं ताट घेऊन समोर उभी. "दोन घास खाऊन घ्या ना."

"नको बाई," बाबा म्हणाले. "आमची गाडी कोणीतरी नेली. बायको तिकडे बाजारात ताटकळली असेल माझी. ती आल्याशिवाय मी जेवत नाही."

आई ताट घेऊन त्यांच्या शेजारी पायरीवर टेकली. जरा वेळाने तिने विचारलं, "चांगली आहे का हो बायको?"

"फार चांगली," बाबा म्हणाले. "थांबा ना. भेटूनच जा तिला."

"थांबते," आई म्हणाली.